अन्नबँकेच्या आधीची गोष्ट: ठाण्यातली भूक आणि मुठीचा हिशेब

ठाण्यातल्या एका गृहसंकुलात जिन्याखाली निळा पिंप ठेवलेला असतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी झाकण उघडतं. घरटी किलोभर तांदूळ किंवा अर्धा किलो डाळ आणून टाकायची आणि वहीत फ्लॅटचा नंबर लिहायचा. पहिल्याच खेपेला त्यात कोलम, बासमतीचा तुकडा, इडलीचा उकडा तांदूळ आणि कुणाची तरी इंद्रायणी असं सगळं एकत्र पडलं. वस्तीत त्याची खिचडी टाकली तेव्हा इंद्रायणीचा गिच्च गोळा झाला आणि उकडा तांदूळ दाताखाली कचकचत राहिला. शिजवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "द्या, पण एका जातीचा द्या हो." तेव्हापासून पिंपावर कागद चिकटवलेला आहे: फक्त कोलम, फक्त तूरडाळ.

ठाणे आणि नवी मुंबईत हल्ली याला फूड बँक म्हणतात, कुणी अन्नबँक म्हणतं. नाव नवं असलं तरी काम आपल्याकडे जुनंच आहे. फक्त त्यात दोन वेगळ्या रीती मिसळल्या आहेत. एक अन्नछत्राची: देवस्थानाने किंवा एखाद्या शेठने शिजवायचं, येईल त्याने जेवायचं. १८७६-७७च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला मुलांसाठी चालवलेलं अन्नछत्र याच वाटेवरचं, पण त्यामागे पुण्य मिळवण्याचा विचार नव्हता. दुसरी रीत मूठफंडाची. १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांची वसतिगृहं गावोगावच्या बायकांनी बाजूला काढलेल्या मूठमूठ धान्यावर चालली. इथे देणारा एक नसतो, म्हणून घेणारा कुणा एकाचा मिंधाही होत नाही. मला विचाराल तर अन्नबँकेची खरी आजी मूठफंड आहे, अन्नछत्र नव्हे.

'बँक' हा शब्द मात्र अमेरिकेतून आला. ॲरिझोनातल्या फीनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल हे गृहस्थ एका धर्मादाय भोजनगृहासाठी अन्न गोळा करत. दुकानांच्या कचरापेट्यांतून चांगलं अन्न वेचून मुलांना जगवणारी एक बाई त्यांना भेटली. ज्यांच्याकडे जास्त आहे त्यांनी ठेवावं आणि ज्यांना लागेल त्यांनी काढून घ्यावं, अशी बँकेसारखी जागा हवी, असं ती म्हणाल्याचं सांगतात. १९६७मध्ये सेंट मेरीज चर्चने दिलेल्या जुन्या बेकरीच्या इमारतीत आणि ३,००० डॉलरच्या भांडवलावर जगातली पहिली फूड बँक सुरू झाली.

हे वाचलं की मला वाशीचा भाजीपाला बाजार आठवतो. मुंबईच्या पोटातले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने खाडीपलीकडे आले. कांदा-बटाटा आधी आला, फळं आणि भाजीपाला १९९६मध्ये. सकाळी उजाडल्यावर गाळ्यांमागे गेलात तर कोबीची वरची पानं, दबलेले टोमॅटो आणि शेंड्याला पिवळी पडलेली मेथी यांचे ढीग दिसतात. त्यात बसून बायका निवडतात. टोमॅटोचा चांगला अर्धा भाग ठेवायचा, नासका नखाने खरवडून टाकायचा. फीनिक्समधल्या त्या बाईचं काम त्या इथे करतात. फक्त त्यांना कुणी विचारलं नाही.

आता प्रश्न असा, की मॉल आणि टॉवरांच्या या जिल्ह्याला अन्नबँक लागलीच का?

१ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्हा थेट डहाणू-तलासरीपर्यंत होता. १९९२-९३मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली, तेव्हा ते गाव ठाणे जिल्ह्यातच होतं. त्या डोंगरपट्ट्यात भुकेचा महिना ठरलेला असतो. आषाढ-श्रावणात घरातलं धान्य संपतं, शेतातलं यायला अवकाश असतो आणि मजुरीही नसते. या दिवसांत पोटाला लागतं ती खावटी. सरकारने १९७८पासून आदिवासींसाठी खावटी कर्ज सुरू केलं आणि करोनाकाळात त्याच नावाने कुटुंबाला ४,००० रुपयांचं अनुदान जाहीर केलं, निम्मं रोख आणि निम्मं धान्य-किराण्याच्या रूपात. हीच कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर उतरतात. काही जण पुढे शहरातल्या नाक्यांवर उभे राहायला लागतात. नाक्यावरच्या कामगाराचंही कॅलेंडर तेच असतं. पावसात बांधकाम थंडावतं, रंगकाम तर बंदच. भूक शहरात आली तरी तिने महिना बदलला नाही.

रेशन नाही का? आहे, आणि त्याचं श्रेय काढून घेऊ नये. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना ५ किलो धान्याचा हक्क दिला, अंत्योदय म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबाला ३५ किलो. पण महाराष्ट्रात बाकीच्या पात्र, म्हणजे 'प्राधान्य' कुटुंबासाठी शहरात वर्षाला ५९,००० रुपयांची उत्पन्नमर्यादा घातली गेली. महिन्याला पाच हजारही होत नाहीत. चाळीतल्या एका खोलीचं भाडं यात बसवून दाखवा. चार घरची धुणीभांडी करणारी बाई या रेषेच्या वर जाते. त्यात राज्यासाठी ठरलेला सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांचा आकडा २०११च्या जनगणनेवर बेतलेला, आणि शहरी लोकसंख्येतल्या ४५.३४ टक्क्यांनाच त्यात जागा. त्यानंतर ठाण्यातल्या घोडबंदर रोडची वस्ती कुठून कुठे गेली ते आपण पाहिलंच आहे. म्हणून केशरी कार्ड घेऊन गेलेल्या माणसाला खिडकीवर एक शब्द हमखास ऐकू येतो: इष्टांक संपलाय, म्हणजे ठरलेल्या आकड्यात आता जागा नाही.

शिजवलेल्या जेवणाचे सरकारी प्रयोगही झाले. १९९५च्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर दिली. पुढे योजना गुंडाळली गेली आणि अनेक ठिकाणी केंद्राच्या जागेवर वडापाव-चायनीज दिसू लागलं. २६ जानेवारी २०२०ला १० रुपयांची शिवभोजन थाळी आली: दोन पोळ्या, वाटीभर भाजी, वरण आणि मूदभर भात. दोन महिन्यांत टाळेबंदी लागली आणि थाळी ५ रुपयांवर आणावी लागली.

त्या टाळेबंदीने आजच्या अन्नबँकांना आकार दिला. मुंबई-नाशिक महामार्गावर माजिवड्यापासून पुढे माणसांची रांग चालत होती आणि त्यातल्या अनेकांची रेशनकार्डं उत्तर प्रदेश-बिहारमधल्या गावी घरात पडलेली होती. एका राज्याचं कार्ड दुसऱ्या राज्यात चालवण्याची सुरुवात २०१९च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण अशा जोड्यांनी झाली होती, पण सगळा देश अजून जोडला गेला नव्हता. मे २०२०मध्ये केंद्राने कार्ड नसलेल्या स्थलांतरितांना दोन महिने माणशी ५ किलो धान्य जाहीर केलं. तोवर सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'बी विंग, ६० पोळ्या तयार' असले निरोप फिरत होते. ऑफिसं उघडली तशा पोळ्या थांबल्या. काही ठिकाणी पिंप आणि वही मात्र राहिली.

लग्नाच्या हॉलमधलं उरलेलं अन्न हा यातला सगळ्यात दिसणारा, फोटोत छान येणारा आणि माझ्या मते सगळ्यात कमी भरवशाचा भाग. एकदा रात्री साडेअकराला एका हॉलमधून फोन आला, शंभर माणसांचं आहे, घेऊन जा. टेम्पो गाठून पोहोचलो तर पुलाव ठीक होता, पण पनीरच्या भाजीला बोट लावल्यावर तार येत होती. स्वयंपाक दुपारी चारला उतरवलेला. ५ ते ६० अंशांच्या मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात आणि आपल्याकडच्या मे महिन्यात झाकलेलं पातेलं तासन्‌तास नेमकं तिथेच असतं. भाजी फेकली, पुलाव रात्री एकला वाटला. त्या वेळी कोण जागं असतं? जे जागे होते त्यांनी घेतला. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्याबाबत अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम २०१९मध्येच आले आहेत. पण त्यांच्याइतकंच काम फोनवरचा एक प्रश्न करतो: गॅस किती वाजता बंद केला?

कोरडा शिधाही सगळ्यांना चालत नाही. पुलाखाली राहणाऱ्याकडे चूल नसते आणि सहाजणांत एक खोली घेऊन राहणाऱ्या पोरांचा छोटा सिलिंडर विसाव्या तारखेला संपतो. त्यांना खिचडीच लागते. खोली आणि शेगडी असलेल्या कुटुंबाला मात्र रांगेत ताट धरून उभं राहण्यापेक्षा पिशवीतला शिधा बरा वाटतो. पोरांसमोर आईच्या हातचं शिजतं.

वहीचं पान उलटलं की खरी अडचण दिसते. पितृपक्षात, दिवाळीत, कुणाच्या साठीला पिंप ओसंडतो. जूनमध्ये शाळेच्या फिया भरून झालेल्या असतात, पिंप अर्धाही होत नाही, आणि मागणारे तेव्हाच सर्वांत जास्त असतात. देणाऱ्यांचे महिने आणि भुकेचे महिने जुळत नाहीत. दिवाळीचं धान्य आषाढापर्यंत टिकवायचं, एवढ्याच अर्थाने ही बँक.

टिकवणं सोपं नसतं. पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये गोणी उघडली तेव्हा तांदळात सोंडे चालत होते आणि डाळीचं पीठ झालं होतं. आता मेच्या शेवटच्या आठवड्यात गच्चीवर चादरी अंथरल्या जातात. इमारतीतल्या दोन आज्या आणि वस्तीतल्या त्याच खिचडीवाल्या मावशी डाळीला एरंडेल चोळतात, तांदळात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालतात. उन्हं उतरली की डबे बंद, वर चिठ्ठी: आषाढाच्या आधी उघडू नये.