वापसा मोजणारं गाव
आटपाडीकडचा जाणता डाळिंबवाला बागेला पाणी द्यायचं की नाही, हे मुळाजवळची मूठभर माती दाबून ठरवतो. मातीचा लाडू वळला आणि बोटानं ढकलताच फुटला, की वापसा, म्हणजे मुळांना हवी तेवढी बेताची ओल, आहे. पाण्याची घाई नाही. आता हेच काम मुळांच्या खोलीवर रोवलेला सेन्सर करतो, भोवतालच्या मातीत विद्युतक्षेत्र सोडून. विद्युतक्षेत्राला पाणी निर्वातापेक्षा सुमारे ८० पट प्रतिसाद देतं, कोरडी माती जेमतेम ३ ते ५ पट. त्यामुळे ओल जराशी वाढली तरी सेन्सरचा आकडा लगेच चढतो. हाताची जाण आणि यंत्र इथे एकच गोष्ट सांगतात, आणि आदर्श समाजाची कल्पना मला इथूनच सुरू करावीशी वाटते.

साधं जगायचं म्हणजे यंत्र टाकून द्यायचं, हे आपल्या मातीला कधीच मान्य नव्हतं. औंध संस्थानाचंच बघा. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं कारभार ग्रामपंचायतींकडे सोपवणारी राज्यघटना दिली. तिच्या घडणीत मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश इंजिनिअर होता. याच संस्थानाच्या जमिनीवर १९१० पासून किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तिथून लोखंडी नांगर शेतोशेती गेले.

आता थोडा हिशेब. कृष्णेचं पाणी कराडजवळच्या टेंभूतून टप्प्याटप्प्यानं उचलून माणदेशात नेलं जातं. १ हजार लिटर पाणी १०० मीटर चढवायला निसर्गनियमानं किमान ०.२७ युनिट वीज लागते. पंप आणि पाइपातली घट धरली तर साधारण ०.४. एक किलोवॉटचं सौर पॅनेल आपल्याकडे दिवसाला चारेक युनिट देतं, म्हणजे १० हजार लिटर. उन्हाळ्यात उभ्या उसाच्या एका एकराला दिवसाला २० हजार लिटरांहून जास्त पाणी लागतं. म्हणजे पॅनेल कितीही लावा, पीक कोणतं घ्यायचं हा प्रश्न सुटत नाही. उलट तो आकड्यांत समोर येतो, आणि मला हेच तंत्रज्ञानाचं मोठं काम वाटतं. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. वीज गावात तयार होऊ शकते, हे तिनं दाखवलं. पाण्याची वाटणी हे पुढचं आणि जास्त अवघड काम.

तेही इथे करून झालंय. खानापूर तालुक्यात बलवडीजवळ येरळा नदीवर लोकांनी १९८० च्या दशकात बळीराजा धरण बांधलं, आणि भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क मानला. माझ्या मनातल्या गावात ग्रामसभेच्या भिंतीवर एक पडदा आहे: तलावात पाणी किती, आज वीज किती झाली, कुणाच्या रानात ओल किती, सगळं सगळ्यांना दिसतं. पेरणीआधी त्याच्यासमोर बसून ऊस किती, ज्वारी किती, हे ठरतं. पाणी जमिनीवर नाही, माणशी वाटलं जातं. ज्याला रान नाही, त्यानं आपला वाटा शेजाऱ्याच्या शेतात लावावा आणि पिकातला हिस्सा घ्यावा.