हजेरीपटावर नाव आलं, पण मूल तासात आहे का?

एकात्म शिक्षण आणि समावेशक शिक्षण यांची गल्लत नेहमी होते. दोन्हींत दिव्यांग मूल गावातल्या नेहमीच्या शाळेत, इतर मुलांच्या शेजारीच बसतं. फरक कळतो तास सुरू झाल्यावर.

चौथीच्या वर्गात एक दृष्टिहीन मुलगी आहे असं धरा. बाई फळ्यावर बेरीज करताना म्हणतात, "हे आणि हे मिळवलं, की हे आलं." मुलीच्या दप्तरात ब्रेलचं पुस्तक आहे, प्रवासभत्ता मिळतो, विशेष शिक्षक अधूनमधून येऊन तिला वेगळं शिकवून जातात. पण या बेरजेतलं तिच्या हाती काहीच लागलं नाही. हे झालं एकात्म शिक्षण: मदत मुलाला, वर्ग जसाच्या तसा. १९७४ साली केंद्राची अपंग एकात्म शिक्षण योजना आली, तिचा भर अशाच मदतीवर होता. ती योजना लहान नव्हती; तोवर नेहमीच्या शाळेचं दारच बहुतेकांना बंद होतं.

समावेशक वर्गात त्याच बाई बोलत बोलत लिहितात, "सत्तेचाळीस अधिक पस्तीस. सात आणि पाच बारा, दोन मांडले, हातचा एक." खर्च शून्य, आणि मागच्या बाकावरच्या मुलांनाही गणित नीट ऐकू येतं. भूगोलाच्या नकाशावर गोदावरीच्या रेघेवर सुतळी चिकटवलेली असते, ती सगळीच मुलं बोटानं चाचपतात. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या व्याख्येतही नुसतं एकत्र शिकणं पुरत नाही. शिकवण्याची पद्धत मुलांच्या गरजेनुसार बदललेली असावी लागते.

यासाठी माणसं लागतात. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली प्राथमिक स्तरावर दर दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असं प्रमाण सांगितलं. तरी दिवसभर मुलासमोर असतात त्या वर्गशिक्षिकाच. त्यांना प्रशिक्षण न देता सगळा भार फिरत्या विशेष शिक्षकावर टाकणं मला साफ चुकीचं वाटतं.

विशेष शाळा निवडणाऱ्या पालकांना मात्र कुणी बोल लावू नये. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या किंवा विशेष शाळेत, जी निवडेल तिथं, मोफत शिकण्याचा हक्क याच कायद्यानं दिला आहे. खुणांची भाषा बोलणारे सवंगडी कर्णबधिर मुलाला अनेकदा तिथंच भेटतात.

शाळा बघायला जाल तेव्हा रॅम्प जरूर बघा. मग परवानगी घेऊन गणिताच्या एका तासाला मागे बसा.