केशवादी चोवीस मूर्ती

शंख, चक्र, गदा आणि पद्म या चार आयुधांच्या जागा चार हातांत बदलत गेल्या की विष्णूची चोवीस रूपे होतात. त्यांना केशवादी चोवीस मूर्ती म्हणतात. संध्येत ‘केशवाय नमः, नारायणाय नमः’ अशी जी नावे घेतात ती हीच. शेवटचे नाव कृष्णाचे. पहिली बारा नावे महिन्यांनाही जोडली आहेत, मार्गशीर्षाला केशव तर कार्तिकाला दामोदर.

मूर्ती ओळखताना तिच्या खालच्या उजव्या हातापासून सुरुवात करून प्रदक्षिणेच्या दिशेने जातात: वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम लागला तर तो केशव. त्यातल्या शंख आणि गदा एवढ्याच जागा पालटल्या की त्रिविक्रम. शंख, पद्म, गदा, चक्र असेल तर नारायण. नवख्याची एक चूक हमखास होते: तो आपल्या उजव्या बाजूचा हात मूर्तीचा उजवा धरतो. मग केशव वाचला जातो गदा, चक्र, शंख, पद्म असा, आणि हा तर माधवाचा क्रम! मूर्ती तीच, नाव मात्र चुकले.

रूपे चोवीसच का, याचे उत्तर भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (शके 1072, इ. स. 1150) आहे. अंकपाश प्रकरणात त्यांनी विचारले, दहा हातांच्या शंभूची दहा आयुधे आपसांत बदलली तर किती मूर्तिभेद होतील, आणि चार आयुधांच्या हरीचे किती? शंभूचे 36,28,800, हरीचे 1×2×3×4, म्हणजे 24. गणित शिकवायला इतके घरचे उदाहरण क्वचितच सापडेल.

काही नावांचे क्रम ग्रंथाग्रंथांत वेगळे आहेत, त्यामुळे नाव देताना आधार कोणत्या ग्रंथाचा हे सांगायला हवे. नुसते ‘विष्णू’ लिहून थांबणे तर अपुरेच, कारण विष्णू हे या चोविसांतलेच एक नाव आहे. कटीवर कर ठेवलेला पंढरीचा विठोबा द्विभुज, म्हणून तो या मोजणीत येत नाही.

भग्न मूर्तींच्या बाबतीत ही पद्धत फार उपयोगी पडते. एक हात तुटला असला तरी उरलेल्या तिघांवरून चौथे आयुध ठरते. दोन तुटले असतील तर दोनच शक्यता उरतात.