ताटातली भाजी आणि चोर्ल्याचा घाट

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात गोव्याचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक निघाले. मधुमेहाला कारणे अनेक असतात. पण तेव्हापासून दवाखान्यात, देवळात, लग्नाच्या मांडवात एकच सल्ला ऐकू येतो: शीत, म्हणजे भात कमी करा, भाजी आणि फळे वाढवा. किती वाढवायची, तेही ठरलेले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सांगितली आहेत. जागतिक आरोग्य संघटना दोन्ही मिळून किमान ४०० ग्रॅम म्हणते. आपल्या नेहमीच्या ताटात शिताचा ढीग, हुमण (माशाची आमटी), तळलेल्या माशाची तुकडी आणि कडेला दोन चमचे भाजी असते. ती शंभर ग्रॅम भरली तरी खूप.

हा दोष लोकांच्या अडाणीपणावर टाकणे मला मान्य नाही. भाजी चांगली हे सगळ्यांना माहीत आहे. माणूस ती किती खातो हे ठरते ती घरापासून किती जवळ पिकते, कुठल्या वाटेने येते, काय भावाने मिळते आणि ती निवडायला, चिरायला घरात कुणाला वेळ आहे यावर. गोव्यात या चारही गोष्टी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत बदलल्या आहेत.

जुनी शेती जमिनीच्या चढउतारावर बेतलेली होती. नदीकाठची खारी खाजने बांध घालून राखायची आणि त्यांत वर्षातून एकदा भात घ्यायचे. त्याहून वर खेर जमीन. तिथे भात कापल्यावरही ओल टिकते, म्हणून कुणी वायंगणाचे दुसरे भात लावी, कुणी भाजी. तांबडी भाजी (लाल माठ), मुळा, वांगी, मिरची, अळसांदे (चवळी), चिटकी (गवार), कणगां (रताळी) असा तो मळा असे. शेताच्या कोपऱ्यात कच्ची विहीर खणलेली असे आणि बायका सकाळ-संध्याकाळ कळशीने वाफ्यांना पाणी घालत. डोंगरउतारावरच्या मोरडीत पावसाच्या जोरावर भेंडे, काकडी, दोडकी आणि चिबूड होत. फोंडा, सत्तरीकडे कुळागरे: वर माड-पोफळी, खाली केळी, अननस, निरफणस, मिरीचे वेल आणि मधून वाहणारा पाट. अशा गावात भाजी विकत घेणे हा अपवाद होता. तिचा हंगाम मात्र ठरलेला होता, आणि हंगाम संपला की भाजीही संपे.

काही गावांची तर भाजीवरूनच ओळख होती. ताळगाव आणि आगशीची वांगी, जुव्याचे सात शिरांचे भेंडे, मयड्याची केळी, पर्राची कलिंगडे, काणकोणातल्या खोलची आणि पेडण्यातल्या हरमलची मिरची. जुव्याच्या लोकांना भेंडेकारच म्हणत. आगशीचे वांगे मोठे आणि चकचकीत. त्याच्या जाड कापांना मीठ, हळद, तिखट चोळून, रव्यात घोळवून तव्यावर टाकले की त्या दिवशी मासा नसल्याची आठवणही होत नाही. गावाला आपल्या पिकाचा असा अभिमान असला की मुलांना ती भाजी ‘खा’ म्हणून सांगावे लागत नाही. आहारतज्ज्ञ लोकांच्या ‘आवडी’बद्दल बोलतात, तेव्हा हा गावाचा अभिमान हिशेबात धरला जात नाही, असे मला वाटते.

पोर्तुगीज १५१० मध्ये आले आणि त्यांच्या जहाजांतून अमेरिकेतली पिकेही आली: मिरची, काजू, अननस, पपई, पेरू, कणगां, पुढे बटाटा आणि टोमॅटो. आज यातले काही काढून घेतले तर गोव्याचे स्वयंपाकघर उभेच राहणार नाही. पाद्र्यांनी आणि भाटकारांनी (बागायतींच्या मालकांनी) आंब्यावर कलमे बांधली, त्यांतून मानकुराद, मुसराद, फेर्नांदिन, हिलारियो अशा जाती नावारूपाला आल्या. इथली मूळची रानफळेही पोर्तुगीजांनी टिपून ठेवली. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात फणस आणि जांभळाच्या जोडीला जगमाचाही उल्लेख आहे. सुट्टीत पोरे झाडावर चढून ज्या जगमांनी खिसे भरत, तीच ही. चुन्नां, करवंदे, जांभळे, आंबाडे, करमलां हे फळ कुणी मोजत नसे, विकत घेत नसे, आणि मुलांच्या पोटात मात्र ते रोज जाई.

मासा आणि भाजी यांचे नाते इथे नेहमी पंचांगाने ठरवले. हिंदू घरांत सोमवार, एकादशी, श्रावण हे शिवराक, म्हणजे शाकाहारी दिवस. त्या दिवशी भाजी कडेची राहत नाही, ती मुख्य होते आणि एकीच्या जागी तीन होतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, होड्या किनाऱ्यावर. आता तर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिकी मासेमारीवर बंदीच असते. नेमकी त्याच वेळी डोंगरात रानभाजी उगवते. पहिल्या पावसानंतर तायकिळ्याची कोवळी पाने खुडून आणायची, बारीक चिरून फणसाची बिकणां (आठळ्या) ठेचून घालायची, वर ओले खोबरे. मग कुड्डुकेची भाजी, आकूर, तेरें, किल्ल (बांबूचे कोंब), फागलां (करटोली) आणि ऑगस्टच्या सुमाराला अळमी (रानातली अळंबी). ख्रिस्ती घरांत याच दिवसांची तयारी मे महिन्यातल्या पुरुमेताच्या फेस्तात, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या जत्रेत होई. सुके मासे, मीठ, सोलां, चिंच, कांद्याच्या माळा, मिरच्या भरून ठेवायच्या, तोरां (कोवळ्या कैऱ्या) मिठाच्या पाण्यात घालायची, आंब्या-फणसाची साठां वाळवायची. सांजावाला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, २४ जूनला, नव्या जावयाच्या घरी फणस, अननस, आंब्यांचे ओझे पाठवण्याची रीत अजून आहे.

चतुर्थीबद्दल थोडे थांबून लिहायला हवे. आदल्या दिवशी म्हापसा, डिचोली, साखळीच्या बाजारात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गावागावांतून आलेल्या बायका गोणपाटे अंथरून बसतात. कांगलांचे घोस, घागऱ्यो, तांबडीबुंद कवंडळे, माटुळिंगे, आंबाड्यांचे झुबके, सुपारीचे शिपटे, नारळाची पेंड, चिबूड, निरफणस. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकटीला हे सगळे बांधले की माटोळी होते. त्यातले कवंडळ कुणी खात नाही. पण कुठले फळ कुठल्या डोंगरावर, कुठल्या महिन्यात मिळते आणि खायचे कोणते, हे ज्ञान माटोळीमुळे पोरांपर्यंत पोहोचले. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा घेते, त्यांत शेतकरी शेकडो प्रकारची फळे, कंद, पाने घेऊन येतात. आणि दुसऱ्या दिवशीचे खतखते! सुरण, कणगां, मक्याची कणसे, शेवग्याच्या शेंगा, कच्ची केळी, आंबाडे, तूरडाळ, तिरफळांचा वास. एरवी महिनाभरात पानात पडत नाहीत इतक्या भाज्या त्या एका जेवणात पोटात जातात. धर्माने लोकांना भाजी खायला लावली, आणि तीही विविध प्रकारची.

मग घाट आला. १९ व्या शतकाच्या अखेरीस मुरगाव बंदर रेल्वेने घाटमाथ्याशी जोडले गेले आणि बेळगावकडचा माल खाली उतरणे सोपे झाले. बटाटा, कांदा, कोबी यांना वर्षभर वाट मिळाली. ही वाट किती महत्त्वाची झाली होती ते १९५५ मध्ये कळले. भारत सरकारने नाकेबंदी केली, सरहद्द आणि रेल्वे बंद झाली. तेव्हा पोर्तुगीज राजवटीने हॉलंडहून बटाटे आणले, तांदूळ आणि भाजी पाकिस्तानातून मागवली. बेळगाव काही तासांच्या अंतरावर, आणि बटाटा येतोय समुद्र ओलांडून युरोपातून. त्या काळातली माणसे अजून या टंचाईबद्दल बोलतात, आणि परसातल्या भाजीनेच तेव्हा भागवले हेही सांगतात.

१९६१ च्या मुक्तीनंतर वाट पुन्हा मोकळी झाली. कर्नाटकातून गोव्यात उतरणाऱ्या अनमोड आणि पुढे चोर्ला घाटांतून ट्रक धावू लागले, आणि त्याच काळात इथली शेती मागे पडत गेली. पोरे सरकारी नोकरीत, आखातात, बोटींवर, पुढे हॉटेलांत गेली. सांगे, डिचोली, सत्तरीत खाणींचा गाळ शेतात उतरला. १९६४ च्या कुळ कायद्याने आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला हक्क दिला. तो द्यायलाच हवा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याची एक बाजू आजही सतावते. स्वतः कसायला माणूस नाही आणि दुसऱ्याला एका हंगामापुरते द्यावे तर तो कुळ लागेल ही भीती, म्हणून शेत पडीक राहते. वारसांची नावे वाढत गेली, तुकडे लहान झाले. कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) एकत्र राखत असे ते बांध कुणी राखायचे हा प्रश्न उरला. उरलेल्या मळ्यात माकडे, गवे आणि मोकाट गुरे. ताळगावच्या शेतांच्या कडेने इमारती उभ्या राहिल्या. पणजीला भाजी पुरवणारा हा गाव आता पणजीचेच उपनगर झाला आहे.

परिणामी भाजीचा भाव बेळगावात ठरतो. तिथे पाऊस लांबला, घाटात दरड कोसळली, डिझेल वाढले, की म्हापशात टोमॅटो चढतो. भाव चढला की आधी काय कमी होते, हे कुठल्याही घरात विचारा. भात कमी होत नाही. मासाही शक्यतो नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १८ देशांच्या एका अभ्यासात दिसले होते की गरीब देशांत एका माणसाला दिवसाला फळाचे दोन आणि भाजीचे तीन वाटे द्यायचे, तर कुटुंबाच्या उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग लागतो. श्रीमंत देशांत हेच प्रमाण दोन टक्क्यांच्या आत होते. भारत त्या अभ्यासात पहिल्या गटात होता.

सरकारने यावर काढलेला उपाय म्हणजे गोवा राज्य फलोत्पादन महामंडळाचे गाडे. गावोगावच्या नाक्यावर बाजारापेक्षा कमी दराने भाजी मिळते आणि दरफलक रोज बदलतो. ज्यांचा पगार महिनाअखेरीला पुरत नाही त्यांच्या दृष्टीने या गाड्याची किंमत फार मोठी आहे. त्याला नावे ठेवणाऱ्यांनी एकदा सकाळी तिथे रांगेत उभे राहून बघावे. मात्र क्रेटमध्ये असते काय? बटाटा, कांदा, टोमॅटो, कोबी, गाजर, फरसबी. प्रवासात टिकणारी भाजी. पालेभाजी घाट उतरेपर्यंत मान टाकते. स्वस्त मिळते तेच रोज शिजते, आणि शिजते तेच पोरांच्या जिभेला कळते. सवलत जशी दिली तशी चव घडली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि ट्रक अडले, तेव्हा काही दिवस भाजी मिळेनाशी झाली. १९५५ ची आठवण वयस्कांना झाली ती तेव्हाच. लोकांनी परसात तांबडी भाजी पेरली, गच्चीवर मिरच्या लावल्या. त्याच वर्षी सरकारने ‘स्वयंपूर्ण गोवा’ची घोषणा केली.

घरातली बाजू बोलायची राहून जाते. तांबड्या भाजीची जुडी निवडायची म्हणजे माती झाडायची, मुळे कापायची, जून देठ वेगळे करायचे, तीन पाण्यांतून धुवायची, मग बारीक चिरायची. खाली शिल्लक उरते ते मूठभर. आठच्या बसने मडगावला कामाला जाणारी बाई हे कधी करणार? घरातला पुरुष विळीवर बसत नाही तोवर ‘भाजी खा’ हा सल्ला त्या एकट्या बाईच्या डोक्यावरचे ओझे वाढवतो. म्हणून नाश्ता बाहेर होतो: पाव आणि पातळ भाजी, तीही वाटाण्याची, नाहीतर बटाट्याची सुकी. शाळेतही मध्यान्ह आहारात मुलांना भाजी-पाव मिळतो. लहान मुलाला नवी भाजी आठ-दहा वेळा चाखायला मिळाली की ती आवडू लागते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. तेव्हा त्या भाजीत वाटाण्याच्या जोडीला दुधी, भोपळा, शेवग्याचा पाला पडणे ही छोटी बाब नाही. ती भाजी बनवणाऱ्या महिला गटांना वेळेवर पैसे आणि थोडा जास्त दर मिळाला तर ते जमेल.

फळांची कथा वेगळी आणि जास्त दुःखाची. मानकुरादला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले याचा आनंद आहे. पण हंगामाच्या सुरुवातीला म्हापशाच्या बाजारात त्याचा डझनाचा भाव ऐकून साध्या घरातला माणूस पुढे सरकतो. फळ देवापुढे ठेवायचे, आजाऱ्याला न्यायचे, पाहुण्यांना कापायचे. रोजचे म्हणून केळे उरले. आणि रोजचे फुकटचे फळ ज्या झाडांवर होते ती झाडे रस्तारुंदीत आणि वसाहतींत गेली. भाटाला कुंपण पडले, जगमावर चढणारी पोरे राहिली नाहीत.

पाणी आता नाही असे म्हणता येत नाही. सत्तरीत अंजुणे धरण आहे, दक्षिणेला साळावली आहे, तिळारीचे कालवे पेडणे, डिचोली, बार्देशात पोहोचले आहेत. महामंडळ स्थानिक शेतकऱ्यांचा मालही घेते. एका हंगामासाठी शेत दिले तर कुळाचा हक्क लागणार नाही आणि कसणाऱ्यालाही मधेच हाकलले जाणार नाही, अशी दोघांनाही भरवशाची लेखी व्यवस्था झाली, तर खेर जमिनीतले पडीक तुकडे पुन्हा भाजीखाली येऊ शकतात. यश मोजायचे तर गाड्यावरचे क्रेट फेब्रुवारीत आणि पुन्हा जुलैत पाहावेत. फेब्रुवारीत इथली भाजी मिळणे त्या मानाने सोपे. जुलैत, पावसाच्या ऐन धारेत, तायकिळा आणि फागलां विकणाऱ्या बाईला त्याच गाड्यावर जागा आणि ठरलेला दर मिळाला, तर तिला भर पावसात रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरावे लागणार नाही आणि गिऱ्हाईकालाही हंगामाची भाजी गावातच मिळेल.