गच्चीवरचा अँटेना आणि दोन मिनिटांच्या शेवया

नागपुरात चार नातेवाईक जमले की जुन्या टीव्हीचा विषय निघतोच. गच्चीवर चढून अँटेना फिरवणारा धाकटा काका आणि खालून ओरडणारं अख्खं घर. "दिसून राह्यलं का?" "नुसत्या मुंग्याच दिसून राह्यल्या बावा, अजून थोडा सेमिनरी हिल्सकडे फिरव!" हसून झालं की पहिल्यांदा खाल्लेल्या मॅगीचा किस्सा येतो. हे दोन किस्से जोडीनं निघतात, कारण त्या दोन गोष्टी आपल्या घरात जोडीनंच आल्या.

टीव्ही आणि झटपट जेवणाची सोयरीक मूळची अमेरिकेतली. 1954 च्या सुमारास तिथं स्वान्सन कंपनीनं 'टीव्ही डिनर' देशभर विकायला काढलं. ॲल्युमिनियमच्या कप्प्यांच्या ताटात टर्कीचं मांस, मटार, रताळं, सगळं गोठवलेलं. भट्टीत गरम करायचं आणि पडद्यासमोर मांडीवर घेऊन बसायचं. ते ताट आपल्याकडे कधी आलंच नाही. गोठवलेलं अन्न ठेवायला फ्रीज किती घरांत होता?

टीव्हीही नागपूरला उशिराच पोचला. दिल्लीत 15 सप्टेंबर 1959 ला प्रक्षेपण सुरू झालं, मुंबईत 2 ऑक्टोबर 1972 ला. तोवर नागपूरकरांची भिस्त 1948 पासून सुरू असलेल्या आकाशवाणीवरच होती. ऐंशीचं दशक उजाडलं आणि चित्र झपाट्यानं बदललं. 1982 च्या एशियाडबरोबर रंगीत प्रक्षेपण आलं, 1983 मध्ये इन्सॅट-1बी उपग्रह सोडला गेला आणि 1984 मध्ये तर देशभर जवळजवळ रोज एक नवा ट्रान्समीटर उभा राहत होता. नागपूरच्या अँटेनांची तोंडं सेमिनरी हिल्सकडे वळली ती याच काळात, कारण दूरदर्शनचं केंद्र तिथं.

7 जुलै 1984 ला 'हम लोग' ही मालिका सुरू झाली. कुटुंबनियोजनासारखे विषय गोष्टीतून पोचवायचे, हा तिच्यामागचा सरकारी हेतू. खर्चाचा भार उचलायला प्रायोजक मिळाला तो मॅगी विकणारी कंपनी. मॅगी नुकतीच, 1983 मध्ये, भारतात आली होती. म्हणजे देशातली पहिली मोठी कौटुंबिक मालिका आणि दोन मिनिटांत होणारं खाणं एकाच वेळी, एकाच पडद्यातून घरात शिरलं. 1984 मध्येच 'ये जो है जिंदगी' या विनोदी मालिकेला विको कंपनीनं प्रायोजकत्व दिलं. विकोचे संस्थापक केशव विष्णु पेंढरकर मुंबईला जाण्यापूर्वी नागपुरात छोटं किराणा दुकान चालवायचे, हे इथं आवर्जून सांगायला हवं. सबंध देश शुक्रवारी रात्री खळखळून हसायचा, त्यात आपल्या गावाचाही वाटा होता.

या किश्श्यांत एक माणूस हमखास राहून जातं, ते म्हणजे आई. त्याआधी संध्याकाळी ठरलेल्या वेळेला तिला फक्त स्वयंपाकघरात हजर राहावं लागायचं. 'हम लोग'नं तिला बाहेरच्या खोलीत बसायचं कारण दिलं, आणि भाग संपल्यावर अशोककुमार बोलायला यायचे, त्यांचं संपेपर्यंत ती उठत नसे. मॅगीचं पाकीट खपलं ते मुलांच्या भुकेमुळे, असं जाहिरात सांगायची. मला वाटतं, ते आईच्या त्या अर्ध्या तासामुळेही खपलं.

झटपट खाणं वैदर्भी घराला नवं होतं असंही नाही. सातूचं पीठ गूळ-पाण्यात कालवलं की न्याहारी तयार. आणि कुरडई घ्या. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो शिजवताना हात मोडेस्तोवर घोटायचा, सोऱ्यातून पाडायचा आणि मे महिन्याच्या उन्हात खडखडीत वाळवायचा. एवढं झालं की पाहुणा आल्यावर कढईत टाकताच क्षणात फुलते. इन्स्टंट नूडल्समागची युक्तीही याच जातीची आहे. जपानमध्ये मोमोफुकू आंदो यांनी 1958 मध्ये ती बाजारात आणली. शेवया वाफवायच्या आणि तेलात तळायच्या. आतलं पाणी उडून जातं, बारीक छिद्रं उरतात आणि उकळतं पाणी त्यांतून पटकन आत शिरतं. दोन्हींत मेहनत आधीच झालेली असते. फरक एवढाच, की कुरडईची मेहनत घरच्या बायांची आणि पाकिटाची कारखान्यातली.

नागपूरनं मॅगीलाही तसंच ठेवलं नाही. कांदा, हिरवी मिरची आणि वरून मूठभर सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, पडला.

25 जानेवारी 1987 पासून 'रामायण' सुरू झालं, तसं रविवारचं वेळापत्रकच बदललं. साडेनऊच्या आत पोहे व्हायलाच हवेत. उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत संवाद ऐकू येईनात, म्हणून आवाज वाढवायचा, आणि अख्ख्या गल्लीत एकच रामायण घुमायचं. पाकिटातल्या सरबतानं तेव्हाच बस्तान बसवलं. ज्या गावात पारा पंचेचाळीसला टेकतो, तिथं त्याला गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला केबल आली, वाहिन्या वाढल्या आणि जेवायची वेळ ज्याची त्याची झाली. वाळवणं अजूनही होतात, पण आता अनेक घरांत कुरडया महिला बचत गटांकडून पाकिटातच येतात. ती मेहनतही बायांचीच, पण तिचे आता पैसे मिळतात, ही मला या सगळ्यातली फार चांगली गोष्ट वाटते.