ईआरसी आणि डीआरसी: शून्य चुका दोन्हीकडे, तरी बोर्ड चुकीचा

कायकॅड या सर्किट बोर्ड आखण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ईआरसी (इलेक्ट्रिकल रूल्स चेक) स्कीमॅटिकवर, म्हणजे सर्किटच्या आकृतीवर चालते आणि डीआरसी (डिझाइन रूल्स चेक) लेआउटवर, म्हणजे बोर्डाच्या नकाशावर. पहिली जोडणी तपासते, दुसरी तांबं. एवढं कळलं तरी गल्लत होते, कारण दोन्हीकडे लाल बाणच दिसतात.

आंब्याच्या बागेतल्या विहिरीवरचा पंप कंट्रोलर घ्या: २३० व्होल्टचा रिले, १२ व्होल्टचा सप्लाय, शेजारी मायक्रोकंट्रोलर.

ईआरसीची पहिली तक्रार हमखास ठरलेली: पॉवर इनपुट पिनला पॉवर मिळत नाही. १२ व्होल्ट कनेक्टरमधून येतात, पण कनेक्टरची पिन 'पॅसिव्ह' असल्यामुळे टूलला तो पॉवरचा उगम वाटत नाही. उपाय म्हणजे पीडब्ल्यूआर_फ्लॅग, 'इथून पॉवर येते' असं टूलला सांगणारी खूण: एक १२ व्होल्टला, एक ग्राउंडला. ७८०५ या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरचं आउटपुट मुळातच पॉवर आउटपुट असतं, तिथे नको. फ्लॅग कनेक्टरच्या पिनलाच चिकटवा. लाल बाण घालवायला तो आयसीपाशी टाकला आणि मधली वायर खरंच तुटलेली असली, तर ईआरसी गप्प बसेल.

डीआरसीचा घोळ वेगळा. तुम्ही दिलेल्या नियमांपलीकडे तिला काही कळत नाही. डीफॉल्ट क्लिअरन्स, म्हणजे दोन तांब्यांमधलं सरळ अंतर, ०.२ मिमी. रिलेच्या २३० व्होल्टच्या ट्रॅकला वेगळा नेट क्लास (स्वतःचे नियम असलेला जोडण्यांचा गट) दिला नाही, तर ०.२ मिमीवरही ती बिनधास्त पास करते. साध्या एफआर-४ वर (बोर्डाचं नेहमीचं फायबरग्लास) २५० व्होल्टसाठी आयईसी ६०६६४ हे इन्सुलेशनचं मानक कोरड्या, स्वच्छ घरातल्या वापराला २.५ मिमी क्रीपेज, म्हणजे पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर, मागतं. धूळ-ओल धरणाऱ्या जागी ४ मिमी, आणि माणसाचा हात लागेल अशा बाजूपासून त्याच्या दुप्पट. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या पंपघरातला बोर्ड या धूळ-ओलीच्या गटातच धरावा. खारा दमटपणा बसला की पृष्ठभागावरूनच करंट झिरपायला लागतो.

जागा कमी पडली की पृष्ठभागावरचा वळसा वाढवायला रिलेखाली बोर्डात खाच पाडतात. ती धूळ-ओलीच्या जागी किमान १.५ मिमी रुंद हवी, नाहीतर हिशेबात धरत नाहीत. क्लिअरन्सचा नियम मात्र तांबं ते तांबं सरळ मोजतो, खाचेचा वळसा त्याला दिसत नाही. तो मोजणारा क्रीपेजचा नियम कायकॅड ९ पासून आहे, कस्टम रूलमध्ये लिहावा लागतो.

डीआरसीआधी झोन (तांब्याने भरायचे भाग) पुन्हा भरा (बी कळ) आणि स्कीमॅटिकशी जुळणी तपासण्याची खूण करा. स्कीमॅटिक बदलून ते बदल लेआउटमध्ये आणणारं एफ८ दाबायचं राहिलं असेल, तर ते इथेच सापडतं.

दोघींच्याही नजरेतून सुटणारी चूक ट्रान्झिस्टरची. बीसी५४७ चे पाय सपाट बाजूने डावीकडून कलेक्टर-बेस-एमिटर, पीएन२२२२ए चे एमिटर-बेस-कलेक्टर. एकाच्या फूटप्रिंटवर (बोर्डावरच्या पॅडच्या मांडणीवर) दुसरा बसवला की ट्रान्झिस्टर उलटा लागतो, अगदी अशक्त चालतो आणि रिले ओढतो न ओढतो. ईआरसीला सिम्बॉलची नावं बरोबर दिसतात, डीआरसीला पॅड. म्हणून फॅक्टरीला फाइल पाठवण्याआधी लेआउट १:१ मापात कागदावर छापून, हातातला पार्ट त्यावर ठेवून, एकेक पाय डेटाशीटशी ताडून बघा.