बायपासनंतर आजोबांना नुसती पेज नको

फोंड्यात आमच्या शेजारचे ८४ वर्षांचे आजोबा बायपास करून घरी आले आणि घरच्यांनी त्यांना खाटेवर जे निजवलं ते उठूच देईनात, "हलू नका, टाके सुटतील", आणि तिन्ही त्रिकाळ उकड्या तांदळाची पेज नि लोणच्याची फोड. सगळं मायेनंच. पण चौथ्या दिवशी बाथरूमला उठले तर गुडघे लटपटायला लागले.

टाक्यांचं आधी सांगतो. छातीचं मधलं हाड कापून स्टीलच्या तारांनी आवळलेलं असतं, ते सांधायला दोन-तीन महिने जातात, तोवर वजन उचलायचं नाही, हातांवर जोर देऊन उठायचं नाही, खोकताना उशी छातीशी धरायची. पण हळूहळू चालल्यानं ते सुटत नाही!

खरी गोष्ट स्नायूंची आहे. स्नायू रोज थोडा मोडतो आणि रोज परत बांधला जातो. ऑपरेशननंतर कॉर्टिसोल नावाचं ताणाचं संप्रेरक वाढतं, मग शरीर स्नायू मोडून त्यातली अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांच्या विटा, जखम भरायला नेतं. बांधकाम परत सुरू व्हायला ल्युसिन नावाच्या अमिनो आम्लानं पेशीतल्या एमटॉर नावाच्या प्रथिनाला जागं करावं लागतं, तरुणपणी ते थोड्याशा ल्युसिननंही जागं होतं पण उतारवयात स्नायूंचा कान जड होतो, त्याच कामाला एका जेवणात जास्त प्रथिनं लागतात. हालचाल केली की तोच कान जरा हलका होतो, म्हणून खाणं आणि चालणं दोन्ही हवं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साठीपुढची धडधाकट माणसं १० दिवस नुसती झोपून राहिली तर पायांतला जवळजवळ १ किलो ऐवज, मुख्यतः स्नायूच, गेला, आणि त्यांचं तर ऑपरेशनही नव्हतं.

आता पेज बघा, ५० ग्रॅम तांदळात प्रथिनं जेमतेम ४ ग्रॅम, आणि ५० किलोच्या माणसाला अशा वेळी दिवसाला ६० च्या आसपास लागतात. वर लोणच्याचं मीठ. कुणी मनगटाला गंडा बांधून गेलं, कुणी प्रोटीन पावडरीचा महागडा डबा आणून दिला, पण गंड्यानं मांडीत बळ येत नाही आणि डब्यातलं जे आहे ते अंडी, बांगडा, मुगागाठी (मोडाच्या मुगाची भाजी), दह्यातही आहे. किडनी कमजोर असेल तर मात्र किती द्यायचं ते आधी डॉक्टरना विचारा.

आता सूनबाई दुपारी बांगड्याचे काटे काढून देते, संध्याकाळी आजोबा आधी खाटेच्या कडेला दोन मिनिटं बसतात, कारण एकदम उठलं की बीपी पडतं, मग उशी कवटाळून, हात न टेकता, सोप्यावरून तुळशीपर्यंत.